साडेपाचशे डिग्री

“ताई, जरा डोळे मिटा बघू,” प्रणोती म्हणाली.

मी मिटले नाहीत. हातात धुतलेला बीकर होता, तो पुसत राहिले. ती पहाटेच्या एसटीने पुण्याहून आली होती. पाठीवर सॅक तशीच, केसांवर रस्त्याची धूळ, आणि सीडी एका रुमालात घट्ट बांधून आणलेली. आमच्या लॅबमधला एकुलता एक संगणक सुरू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. तेवढा वेळ ती या पायावरून त्या पायावर होत उभी होती.

मग फोटो उघडला.

राखाडी पडद्यावर काळ्या कड्या. पंचवीस-तीस तरी असतील. सगळ्या एका मापाच्या आणि प्रत्येकीच्या आत उजेड. पुण्याच्या त्या मोठ्या मायक्रोस्कोपखाली भरीव गोळा काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. कडी दिसली याचा अर्थ एकच, गोळा आतून रिकामा आहे.

“पोकळ झालेत ओ ताई,” ती म्हणाली. “सगळेच्या सगळे!”

“एकाच ठिकाणचा फोटो आहे,” मी म्हणाले. “बाकीकडे काय आहे कुणास ठाऊक.”

“सहा ठिकाणचे आणलेत. थांबा, दाखवते.”

तिने सहाही दाखवले. सहाही ठिकाणी कड्या होत्या.

अथणीकर सर आमचे गाईड. मोजकं बोलणारा माणूस. ते केबिनमधून आले, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला, कारण जवळचं त्यांना चष्म्याशिवायच दिसायचं. किती तरी वेळ बघत होते. मग उठले आणि बाहेर गेले. अर्ध्या तासाने आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन, स्वतः स्कूटरवरून गावात जाऊन आणलेला. पहिला पेढा प्रणोतीला दिला. दुसरा माझ्यापुढे धरून म्हणाले, “हर्षदा, घे. शेवटी झालं बघ आपल्या लॅबमध्ये.”

आपल्या लॅबमध्ये. मी पेढा तोंडात टाकला. बीकर पुन्हा पुसायला घेतला.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. ते गोळे काय होते ते सांगितल्याशिवाय माझ्या पोटात काय पेटलं होतं ते कळणार नाही. सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ. त्याचे इतके बारीक गोळे करायचे, की केसाच्या जाडीवर ओळीने चारशे बसावेत. गोळा आतून पोकळ हवा आणि त्याच्या कवचाला आरपार भोकं हवीत. मग आत औषध भरता येतं आणि ते भोकांतून हळूहळू बाहेर पडतं. एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांशी सरांचं त्याबद्दल बोलणं झालेलं होतं. आणि हा प्रश्न माझा होता. साडेतीन वर्षांपूर्वी सरांनी तो मला दिला होता, तेव्हा म्हणाले होते, “हर्षदा माणगावकर, हा तुझा. दुसऱ्या कुणाला देणार नाही.”

माझी रीत अशी होती. थर्माकोल ज्याचा करतात त्याच प्लास्टिकचे बारीक गोळे आधी करायचे, त्यांच्यावर सिलिकाचं कवच चढवायचं आणि फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, प्लास्टिक जाळून टाकायचं. कागदावर सोपं. प्रत्यक्षात कवचं फुटायची, चेपायची, एकमेकांना चिकटायची. पुण्याला दर दीड महिन्याने आमच्या विद्यापीठाला मायक्रोस्कोपची एक पाळी मिळायची. साडेतीन वर्षांत मी वीसेक वेळा जाऊन आले आणि दर वेळी फुटक्या अंड्यांच्या टरफलांचे फोटो घेऊन आले. देवरुखला बाबा फोनवर विचारायचे, “झालं का गं?” मी म्हणायचे, “होत आलं.”

प्रणोती टिपुगडे मूळची गडहिंग्लजची. वडील एसटी डेपोत मेकॅनिक. आली तेव्हा तिला पिपेट नीट धरता येत नव्हती. मीच तिला शिकवलं. थेंब कसा सोडायचा, ढवळणं किती मंद ठेवायचं, अमोनियाची बाटली उघडताना मान कुठे वळवायची, सगळं. मला ती आवडायची, हेही खरंच आहे. मनात आलं की बोलून टाकणारी, डबा वाटून खाणारी.

आल्यावर दोनेक महिन्यांनी एके दिवशी तिने विचारलं, “ताई, आतलं शेवटी काढायचंच हाय, तर प्लास्टिक कशाला? आतला गोळा पण सिलिकाचाच केला, वर भोकांचं कवच घातलं, आणि धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात ठेवलं तर? पाणी भोकांतून आत जाईल आणि आतलं खाऊन टाकेल की.”

मी मोठ्याने हसले होते. “सोडा काय आत-बाहेर बघून खातो का गं? कवचही खाईल.”

“बघू तर,” ती म्हणाली होती.

सोड्याने कवच खाल्लं नाही. कवच करताना त्यात साबणासारखं एक रसायन अडकलेलं असतं, भोकं त्याच्याच जागी होतात. त्या साबणाने कवचाला राखलं आणि सोड्याने आतला भरीव गोळा तेवढा विरघळवून टाकला. दहा महिन्यांत तिचं झालं. आणि हसले होते मी.

आता भोकांतला साबण काढून टाकायचा होता, म्हणजे भोकं मोकळी. त्याची नेहमीची पद्धत फर्नेसची. एका मिनिटाला एक डिग्री अशा मंद गतीने साडेपाचशेपर्यंत जायचं, सहा तास तिथे ठेवायचं. साबण जळून जातो. सिलिका साडेपाचशेला काही म्हणत नाही. आठशेच्या पुढे मात्र ती आकसायला लागते, भोकं बुजतात. सोड्याचा अंश राहिला असेल तर आणखीच लवकर.

आणि आमचं फर्नेस खोटं बोलत होतं. हे लॅबमध्ये फक्त मला माहीत होतं.

प्रणोती पुण्याला गेली त्या सोमवारीच ते मला कळलं. गेल्या चार-पाच महिन्यांतली माझी सॅम्पल्स नुसती फुटलेली नव्हती, काचेच्या कणीसारखी कडक येत होती. मला शंका आली. मी कँटीनमधून चिमूटभर मीठ आणलं, क्रुसिबलमध्ये, म्हणजे भट्टीत ठेवायच्या चिनी मातीच्या वाटीत, घातलं आणि फर्नेस साडेपाचशेला लावलं. मीठ आठशे एक डिग्रीला वितळतं. दुपारी दार उघडलं तर क्रुसिबलच्या तळाशी ते पाण्यासारखं चकाकत होतं. तापमान मोजणारी तार मागच्या बाजूने सरकून भिंतीत गेली होती. मीटर साडेपाचशे दाखवत होता आणि आत साडेआठशेच्या आसपास आच होती.

मी स्टुलावर बसून राहिले. चार-पाच महिने मी स्वतःला नालायक समजत होते आणि इथे एक तार सरकलेली होती. सर त्या दिवशी मीटिंगला गेले होते. उद्या सकाळी त्यांना सांगायचं असं मी ठरवलं होतं.

उद्या सकाळी सीडी आली. पेढे आले. मी सांगितलं नाही.

मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. माझ्याशी मी असं बोलत होते: माझी पाच महिन्यांची सॅम्पल्स जळली तेव्हा मला कुणी सांगायला आलं होतं? आणि आता नेमकं तिचं काम निघाल्यावर तार दुरुस्त व्हायची? तिचं सगळं सरळच व्हायला पाहिजे का? माझी फेलोशिप मार्चअखेर संपत होती. प्रबंधाची तीन प्रकरणं लिहून झाली होती आणि चौथं, पोकळ गोळ्यांचं, ज्याच्यासाठी बाकीची तीन होती, ते कोरं होतं.

बुधवारी दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये सही घ्यायला गेले. काचेतून दिसलं, प्रणोती समोर बसली होती, दोघं कशावर तरी हसत होती. मी दार ढकललं तशी दोघं एकदम गप्प झाली. सरांनी सही केली. प्रणोती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

दोघं माझ्यावर हसत होती, असं मी धरून चालले. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले तर हातातला कागद चुरगळलेला.

गुरुवारी सकाळी दहाला प्रणोती दोन क्रुसिबलं घेऊन फर्नेसपाशी उभी होती. आत पांढरी, कापसासारखी हलकी भुकटी. मी बाजूच्या टेबलावर वही उघडून बसले होते.

“ताई, साडेपाचशे ठेवू ना?”

तिने सहज विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तरी मला विचारल्याशिवाय तिने कधी फर्नेसला हात लावला नव्हता. मीच तशी सवय लावली होती.

मी वहीतून वर पाहिलं.

“हो,” मी म्हणाले.

तिने बटण दाबलं.

लोकांना वाटतं असलं काही एका क्षणात होतं आणि मग हातात काही उरत नाही. तसं नव्हतं. फर्नेस मिनिटाला एक डिग्री चढत होतं. दुपारी एक वाजता मी लायब्ररीत होते, तेव्हा काहीही बिघडलेलं नव्हतं. दोन वाजता नाही, तीन वाजताही नाही. जाऊन फक्त एक बटण बंद करायचं होतं. चार वाजता मी खरंच गेले. मीटर तीनशे पंच्याऐंशी दाखवत होता. प्रणोती समोर स्टूल टाकून बसली होती, जणू दूध उतू जाईल म्हणून राखण करत होती.

“जेवलात का ताई? तुम्ही दिसलाच नाही म्हणून मी पण थांबले.” तिने डबा पुढे केला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. “घ्या की.”

मी भाकरीचा तुकडा मोडला.

“उद्या उघडताना तुम्ही पाहिजे हं,” ती म्हणाली. “तुम्ही आल्याशिवाय मी दार उघडणार नाही.”

“मी कशाला?”

“असू दे की. तुम्ही पाहिजेच.” आणि ती गालात हसली.

मी तोवर सांगायच्या बेताला आले होते. अगदी ओठांवर होतं. पण ते हसू पाहिलं आणि मला वाटलं, हिला प्रेक्षक हवाय. मी समोर उभी राहून हिचं यश बघावं, टाळ्या वाजवाव्यात, अशी हिची इच्छा आहे. मी भाकरी खाल्ली, हात धुतले आणि होस्टेलवर गेले.

शुक्रवारी बाराला आम्ही दार उघडलं. तिने चिमट्याने पहिलं क्रुसिबल बाहेर काढलं आणि आत बघितलं. मग दुसरं. भुकटी काठोकाठ भरलेली होती, ती तळाशी बोटाच्या पेराएवढी उरली होती. तिने चमचा लावला. टक् असा आवाज झाला. कौलाचा तुकडा असतो तसं काही तरी होतं.

ती रडली नाही. चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा टक्टक् करून पाहिलं. मला आत कुठे तरी गार वाटलं. हे मी लपवणार नाही. खूप उकाड्यात अंगावर वारं यावं तसं वाटलं. तीन-चार श्वासांपुरतं.

“ताई,” ती म्हणाली, “हे तुमचं होतं ओ.”

“काय?”

“हे दोन्ही. तुमचे होते. माझे निम्मे बाजूला आहेत, मी ते अल्कोहोल आणि थोड्या ॲसिडने धुऊन घेणार होते, फर्नेसमध्ये घालायचेच नव्हते.” तिचा आवाज चिरकायला लागला. “तुमच्या प्रबंधात फर्नेसची पद्धत आहे ना. म्हणून मी सरांना म्हटलं, निम्मे ताईंच्या नावाने भाजूया. भाजलेले ताईंच्या चौथ्या प्रकरणात, धुतलेले माझ्या. दोन्हींची तुलना पण होईल. सर हो म्हणाले. पण म्हणाले, आधी सांगू नको, हर्षदा घेणार नाही, मानी आहे. तयार करून हातात दे. बुधवारी तेच बोलत होतो, तुम्ही आलात आणि मला हसूच आवरेना.”

तिने तिची वही माझ्यापुढे केली. पानाच्या डोक्यावर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: हर्षदाताई, प्रकरण चौथे.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती.

सर आले. क्रुसिबलात बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “किती ठेवलं होतंस?”

“साडेपाचशेच सर. ताईंना विचारून ठेवलं.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळीही सांगता आलं असतं.

“हो,” मी म्हणाले. “मी होते तिथे. साडेपाचशेच होतं.”

शब्दाशब्दाने खरं होतं ते. सर प्रणोतीवर चिडले. सोडा नीट धुऊन काढला नसशील, घाई केलीस, दुसऱ्याचं काम म्हणून हयगय केलीस, असं बोलले. “दुसऱ्याचं काम” म्हटल्यावर मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने एकदाही “नाही” म्हटलं नाही.

शनिवार-रविवार मी होस्टेलच्या खोलीत पडून होते. सोमवारी लवकर लॅबमध्ये गेले. प्रणोतीची वही टेबलावर उघडीच होती. शुक्रवारच्या तारखेखाली तिने लिहिलं होतं: सॅम्पल वाया. कारण, सोडा धुणे अपुरे. चूक माझी. पुढच्या वेळी तीनऐवजी सहा वेळा धुणे. आणि त्याखाली, नव्या ओळीवर: ताईंचा वेळ मार्चपर्यंतच, लगेच सुरू करणे.

मी कँटीनमध्ये गेले आणि मीठ मागितलं.

नऊला फर्नेस लावलं, या वेळी भरभर चढणारं. प्रणोती आली तेव्हा तिला म्हटलं, “एक वाजता इथे ये. सरांनाही घेऊन ये.” ती काही विचारायला गेली, मी मान वळवली.

एक वाजता मी दोघांसमोर दार उघडलं आणि क्रुसिबल बाहेर काढलं. तळाशी मीठ वितळून थरथरत होतं. सर वाकले.

“हे काय?”

“मीठ, सर.”

“मीठ?” त्यांनी मीटरकडे पाहिलं. साडेपाचशे. पुन्हा क्रुसिबलकडे. “म्हणजे आत आठशेच्या वर आहे! अरे, मग फर्नेसच बिघडलंय! प्रणोती, तुझी चूक नव्हतीच. धुण्याशी काही संबंध नव्हता.” त्यांचा चेहरा उजळला. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “शाबास, हर्षदा! अशी बुद्धी चालली पाहिजे. कसं सुचलं तुला?”

साडेतीन वर्षांत सरांनी मला शाबास म्हटलं नव्हतं. प्रणोतीही माझ्याकडे बघत होती, पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी, सुटल्यासारखी. म्हणाली, “ताई, तुम्ही नसता तर मी जन्मभर स्वतःला...”

गप्प राहिले असते तर ते माझंच झालं असतं. शाबासकी, तिचे आभार, सगळं. कुणाला कधी कळलं नसतं.

“आज नाही सुचलं, सर,” मी म्हणाले. “गेल्या सोमवारी केलं होतं. मला सोमवारपासून माहीत होतं.”

सरांचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला. ते मनात दिवस मोजत असावेत. सोमवार, मग मंगळवारी सीडी, मग गुरुवार. मग हात खाली आला.

क्रुसिबल गार होताना बारीक तडतडत होतं.

“गुरुवारी मी विचारलं,” प्रणोती म्हणाली, “तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“चार वाजता, आपण डबा खाल्ला, तेव्हा पण?”

“हो.”

ती ओरडली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच कळत नव्हतं, गणितातली एखादी पायरी कळू नये तसं.

“मग डबा का खाल्लात?” तिने विचारलं.

मी फर्नेसचं बटण बंद केलं.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. उभंच ठेवलं. “मी वर पत्र लिहू शकतो,” ते म्हणाले. “लिहिलं तर तुझं रजिस्ट्रेशन जाईल. मला लिहावंसं वाटतंय. पण नुकसान माझं नाही झालेलं. ती ठरवेल.” त्यांनी प्रणोतीला हाक मारली आणि माझ्यादेखत विचारलं.

प्रणोती दारातच उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

“पत्र नको, सर,” ती म्हणाली. “तार बसवून घ्या. आणि मला धुवायला माणूस लागेल. एकटीने सहा वेळा धुणं व्हायचं नाही.”

“म्हणजे?”

“मॅडम धुतील.”

दहा महिन्यांत तिने मला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं.

मी दोन महिने धुतलं. फेलोशिप संपली तरी थांबले. ते काम असं होतं: सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये घालून फिरवायचं, तळाशी बसलेलं राखून वरचं पाणी ओतून द्यायचं, नवं पाणी घालून हलवायचं, पुन्हा फिरवायचं. तिने सहा लिहिलं होतं, मी आठ वेळा धुवायचे. खरा दोष फर्नेसचा होता हे कळल्यावर सहाचीही गरज नव्हती. ती समोरच्या टेबलावर आतले गोळे करायची, त्यांच्यावर कवच चढवायची. आमच्यात कामापुरतं बोलणं व्हायचं. “मॅडम, झालं का?” “झालं.” जेवायला ती वऱ्हांड्यात जाऊन बसायची.

कुणाला वाटेल, एवढं झाल्यावर माझा हेवा तरी गेला असेल. गेला नाही. समोर तिची बोटं दिसायची. थेंब सोडताना तिचा हात अगदी स्थिर असायचा. हे मला का दिलं नाही? मीच शिकवलेला तो हात. शरम वाटायला लागली म्हणून हेवा घर सोडून जात नाही. दोघं एकाच खोलीत राहायला लागतात आणि तुम्हाला दोघांचं करावं लागतं. फरक एवढाच, की आता मला त्याचं नाव माहीत होतं. तो वर यायला लागला की मी मान खाली घालून पुढचं पाणी ओतायचे.

मधे एकदा मी तिला म्हटलं, “प्रणोती, हे प्रकरण मी प्रबंधात घालणार नाही. तुझंच सगळं आहे.”

तिने हातातलं काम थांबवलं नाही. “तुमचं प्रकरण कोरं ठेवून मला काय मिळणार? मी एकदा देते म्हटलं. तुम्ही कशा वागलात त्यावरून मी माझं बोलणं कशाला फिरवू?” मग थोड्या वेळाने, “पण पुन्हा तसं होणार नाही मॅडम. पहिल्यासारखं. ते मला जमायचं नाही.”

“मला माहीत आहे,” मी म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी आमची पुण्याची पाळी आली. नव्या तारेच्या फर्नेसमधून निघालेली भुकटी बाटलीत कापसासारखी भरलेली होती, वाकडी केली की धुरासारखी वाहायची. दोघींनी यायलाच हवं होतं, कारण सॅम्पल माझ्या नावावर आणि पद्धत तिची. एसटीत ती खिडकीशी बसली आणि लोणंदपर्यंत झोपली. मी बाटली मांडीवर धरून जागी होते.

मायक्रोस्कोपची खोली अंधारी आणि थंडगार. ऑपरेटर नव्यानेच लागलेला तरुण होता, त्याला आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्याने आम्हाला दोन खुर्च्या दिल्या, अगदी चिकटून. हिरवट पडदा उजळला. आधी नुसतं धुकं. त्याने चकती फिरवली. धुक्यात काही तरी गोल दिसायला लागलं. त्याने आणखी फिरवली.

कड्या होत्या. ओळीने, एकही फुटकी नाही. आणि या वेळी कड्या सबंध काळ्या नव्हत्या. कवचात बारीक रेघा होत्या, आतून बाहेर जाणाऱ्या, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारख्या. भोकं. मोकळी, शेकड्यांनी. साडेतीन वर्षं मी जे डोळे मिटून बघत आले होते, तेच आणि तसंच.

अंधारात प्रणोतीने माझं मनगट गच्च पकडलं. तिची नखं रुतली. ती नुसती माझा हात हलवत होती, खेड्यातल्या जत्रेत लहान मुलगी आईचा हात हलवते तसा. मीही तिच्या हातावर माझा दुसरा हात ठेवला.

“फोटो काढू ना?” ऑपरेटरने विचारलं.

“काढा,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

त्याने फोटो काढला. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्या उजेडात तिने खाली पाहिलं. कुणाचा हात धरलाय ते तिला दिसलं.

तिने झटका दिला नाही. एकेक बोट उचलून, माझ्या हाताखालून तिने आपला हात हळूच काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

“पुढचा,” ती ऑपरेटरला म्हणाली.